बुलेटला सेल्फ बसवताना

थोरल्या भावाचा गुडघा माझ्यामुळे गेला. हे त्याला सांगायला मला अकरा वर्षं लागली.

त्याच्याकडे जुनी बुलेट होती. तिच्यावर मेथीचे आणि सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, गठ्ठे बांधून तो आमच्या गावाहून मेहकरच्या बाजारात जायचा. किक मारायची त्याची रीत ठरलेली होती. किक हलकेच दाबत हेडलाइटवरच्या मीटरचा काटा मध्ये आणायचा आणि मगच पायावर जोर द्यायचा. काटा न पाहता मारली तर किक उलटी येते, हे त्यानंच मला शिकवलं होतं.

एकदा मी गाडी मागून घेऊन वडनेर भोलजीला साडूकडे गेलो. येताना बुलढाण्याचा घाट चढायचा होता. गाडी आणखी जोरात ओढेल म्हणून मी पॉइंटचं झाकण उघडलं आणि आतली प्लेट थोडी फिरवून, ठिणगी जरा लवकर पडेल असं, टायमिंग पुढे घेतलं. त्यानंतर किकनं दोनदा पायाला धक्का दिला. घरी आलो, गाडी उभी केली. प्लेट उद्या जागेवर आणू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावानं किक मारली ती उलटी आली. तो गुडघा धरून खालीच बसला. दवाखान्यात नेताना त्यानं मला विचारलं, "काटा मधात होता का रे?"

त्यानं किक मारली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. काटा मध्येच होता.

"नसन," मी म्हणालो.

त्यानं ते खरं मानलं. गुडघा पुन्हा पुरता वाकला नाही. तो एसटीनं जाऊ लागला आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. गावात त्याची एक गंमतच होऊन बसली. तो एसटीत चढू लागला की मागून कोणीतरी म्हणायचं, "काटा पाह्यला का बे?" तोही हसायचा. मीही हसलो आहे.

यंदा मी त्याला सेल्फ बसवून देतो म्हणालो. किक मारायलाच नको, बटण दाबलं की गाडी सुरू. एवढं काऊन करतोस म्हणून त्यानं दोनदा विचारलं. मी गाडीवरची ताडपत्री काढायला लागलो.

टेम्पोत घालून गाडी आम्ही मेहकरच्या मिस्त्रीचाचांच्या गॅरेजात नेली; ते त्या इंजिनाला पहिल्यापासून ओळखतात. सेल्फची मोटर हातात घेण्याआधी त्यांनी पॉइंटचं झाकण काढलं. टायमिंग चुकलेलं असलं तर इंजिन उलटा झटका देतं आणि नवा सेल्फ तुटतो, असं ते सांगत होते. मग ते थांबले. प्लेटवर त्यांनी पूर्वी कानशीनं केलेली खूण होती, ती जागेवर नव्हती.

"हे कोनं फिरवलं?" त्यांनी विचारलं.

गाडी तर त्या दिवसापासून कोणी उघडलीच नाही, असं भाऊ म्हणाला.

चाचांनी त्याच्या पायाकडे पाहिलं. "अशा टायमिंगवर काटा पाहून मारली, तरी किक उलटीच येते."

मी चहा सांगायला म्हणून उठलो आणि टपरीवर गरजेपेक्षा जास्त वेळ थांबलो.

चाचांनी प्लेट खुणेवर आणली आणि सेल्फ बसवला. बाजूचं झाकण काढणं, दातेरी चक्र बसवणं, मोठी बॅटरी, नवी वायर, कार्ब्युरेटर धुऊन ताजं पेट्रोल भरणं, यात दुपार गेली. मग त्यांनी भावाला बोलावलं. तो ताठ पाय लांब ठेवून गाडीवर बसला. अंगठा बटणावर होता, पण दाबण्याआधी तो वाकला आणि मीटरचा काटा पाहू लागला.

"त्याले पाहाची गरज नाही आता," चाचा म्हणाले.

"सवय आहे," भाऊ म्हणाला. "त्या दिवशीच कशी चुकली, काय माहीत."

त्यानं बटण दाबलं. गाडी पहिल्याच वेळी सुरू झाली. मी हात पुढे करून चावी फिरवली, गाडी बंद केली. तो माझ्याकडे पाहत राहिला.

"दादा, प्लेट मी फिरवली होती. आन् काटा मधातच होता, मी खोटं बोललो. तुह्यं काहीच चुकलं नव्हतं. मले माफ कर."