दुपारची सवलत

मोशीतला फ्लॅट सोडून परत भाड्याच्या घरात जाऊ, असं मी म्हणाले तेव्हा नवऱ्याला वाटलं, मी चेष्टा करतेय. मी चेष्टा करत नव्हते. दुपारी आमच्या बंद घरात कोणीतरी असायचं, आणि ते मला विजेच्या ॲपने सांगितलं होतं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मन घट्ट व्हावं म्हणून वडील आम्हाला लहानपणी मुद्दाम स्मशानाजवळच्या रस्त्याने शाळेत न्यायचे. त्यामुळे घाबरल्याची मला भीतीपेक्षा लाजच जास्त वाटत होती.

सुरुवात झाली ती सवलतीपासून. आमच्या इमारतीत प्रीपेड मीटर बसले होते. मोबाइलसारखं आधी रिचार्ज करायचं, मग वीज वापरायची. पैसे संपले की सकाळी दहानंतर पुरवठा आपोआप बंद. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी तोडत नाहीत, एवढी दया. पुढे सरकारने दिवसाच्या विजेवर सवलत दिली. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात जेवढी वापराल, तेवढीच स्वस्त. ज्यांना बिल येतं त्यांच्या बिलातून ती वजा होते. आम्हाला बिलच येत नाही, म्हणून ती महिनाअखेरीस शिल्लकेत जमा होते आणि तसा मेसेज येतो. मी हिंजवडीला, नवरा चाकणला, घर सकाळी आठपासून कुलपात. नोकरी करणाऱ्यांनी दिवसा घरी बसून इस्त्री करावी असं ज्याला सुचलं, त्याला मी बसमध्ये उभ्याउभ्या भरपूर शिव्या घातल्या.

आणि तरीही सवलत जमा झाली. पहिल्यांदा मी गप्प बसले. मिळतंय तर मिळू दे. पुढच्या महिन्यात ती वाढली.

"फ्रिज असेल," नवरा म्हणाला.

मी ॲपमध्ये तासातासाचा वापर उघडला. फ्रिजने कधी अशी वीज ओढली नसती. भर दुपारी उंच रेघ, मग शांत, आणि तीनच्या सुमाराला एक छोटीशी रेघ. ती रोज असायची. रविवारीसुद्धा. एका रविवारी आम्ही दोघं हॉलमध्ये बसलो होतो, टीव्हीही बंद होता, आणि थोड्या वेळाने पाहिलं तर तीनची रेघ उठलेली. मी उगाच मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"आपलं भूत काटकसरी आहे," नवरा हसत म्हणाला. "सवलतीच्या वेळातच बाहेर पडतं."

मग एका लग्नासाठी गावी गेलो. जाताना मी स्वतः मेन स्विच पाडला, दोनदा पाहून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी मांडवात बसून ॲप उघडलं. अक्षता पडत होत्या, आणि मोशीतल्या बंद घरात, पाडलेल्या स्विचवर, कोणीतरी वीज वापरत होतं. नवऱ्यालाही दाखवलं. या वेळी तो हसला नाही.

त्यानंतर मला एक सवय लागली. संध्याकाळी परत आले की कुलूप काढायच्या आधी मी आमच्याच घराची बेल वाजवायचे. आत जे काही असेल, त्याला आवरायला वेळ मिळावा म्हणून. शेजारचा मुलगा एकदा जिन्यातून बघतच राहिला.

तो चाकणच्या एका कंपनीत असेंब्ली लाइनवर कामाला होता. दिवाळीनंतर त्याने बीडकडच्या गावाहून आईला आणलं होतं. काकूंना दमा होता. मुलगा शिफ्टला गेला की त्या आतून कडी लावून बसत, कुणालाही दार उघडायचं नाही अशी त्याची ताकीद होती. माझी त्यांची गाठ एकदाच लिफ्टपाशी पडली. चार पावलं चालून त्या भिंतीला टेकल्या, दम खाल्ला आणि विचारलं, "बाई, दुपारी स्वस्त असती म्हणं लाइट?"

मी हो म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.

सोसायटीचा वायरमन येऊन मीटर बघून गेला. "मीटर ओके आहे, मॅडम." मग नवऱ्याने ठरवलं की ही चोरी आहे, कोणीतरी आपल्या लाइनवर वायर टाकली आहे. "रिचार्जच करू नको. पुरवठा बंद झाला की चोर स्वतःच बोंबलत येईल." मला ते पटलं. चोर असता तर मला खरंच बरं वाटलं असतं.

शिल्लक शनिवारी संपली. शनिवार-रविवार मीटरने चालवून घेतलं. सोमवारी मी रजा टाकून घरी थांबले. मेचा महिना, सकाळपासूनच अंगाची लाही होत होती. दहा वाजून गेल्यावर मेसेज आला: आपला वीजपुरवठा खंडित करण्यात आला आहे.

डोक्यावर पंखा फिरत होता.

मी मेसेज पुन्हा वाचला. उठून मेन स्विच पाडला, पंखा थांबला. वर केला, पंखा फिरायला लागला. नवऱ्याला फोन केला, त्याने उचलला नाही. मग मी पलंगावर पाय वर घेऊन बसले. जमिनीवर पाय ठेवायची हिंमत नव्हती, हे सांगायला आता मला लाज वाटत नाही. चोर काही बोंबलत आला नाही. जेवणसुद्धा मी पलंगावरच केलं.

तीन वाजून गेले. ॲपमध्ये पहिल्यांदाच तीनची रेघ उठली नाही. आणि मला भिंतीतून आवाज ऐकू आला.

बारीक शिटीसारखा. थांबायचा, मग पुन्हा, आधीपेक्षा लांब. मी श्वास रोखून ऐकत राहिले आणि मग कळलं की भिंतीपलीकडेही कोणीतरी श्वासच घेतंय, पण तो पुरत नाहीये.

मी धावत बाहेर आले आणि शेजारची बेल दाबली. बेल वाजली नाही. पुन्हा दाबली. मुकं बटण. आमच्या बंद पडलेल्या मीटरवरची वीज कुणाच्या घरात जात होती, ते मला तिथे कळलं. मी दोन्ही हातांनी दार बडवलं, "काकू, मी शेजारची," असं ओरडत राहिले. बऱ्याच वेळाने कडी निघाली.

खिडक्या उन्हासाठी बंद, पडदे ओढलेले, आत भट्टी. काकू पुन्हा जाऊन खाटेवर बसल्या. शेजारी स्टुलावर वाफेचं मशीन होतं, त्यात औषध भरलेलं. मास्क त्यांनी तोंडावर लावून ठेवला होता. मशीन बंद होतं आणि त्या मास्क लावून वाट बघत होत्या.

"फोन का नाही केला कुणाला?"

"लाइट... येईल आता," त्या एकेक शब्द तोडत म्हणाल्या. "आमच्याकडं... दिसदिसभर जाती."

मी मशीन काखेत मारलं, त्यांना दंडाला धरून आमच्या हॉलमध्ये आणलं आणि प्लग लावला. मशीन घुरघुरलं, मास्कमधून पांढरी वाफ निघाली. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता, तो बराच वेळ सुटला नाही. तिथेच बसून मी रिचार्ज केलं. काही मिनिटांनी दारात जाऊन डोकावले, तर त्यांच्या उघड्या दारातून आतला पंखा हळूहळू फिरायला लागलेला दिसला. माझ्या अंगावर तेव्हाही काटा आला.

बांधकामाच्या वेळीच मीटरच्या खोलीत दोन वायरी उलट्या लागल्या होत्या. आमच्या मीटरवर त्यांचं घर, त्यांच्या मीटरवर आमचं. दोन्ही घरांतली माणसं दिवसभर कामावर असायची, तोवर कुणाला कळलं नाही. काकू आल्या आणि दुपार बोलायला लागली. वायरमनने वायरी बदलल्या, मुलाशी हिशेब झाला. तो सारखा "वहिनी, सॉरी" म्हणत होता, जणू चूक त्याचीच.

काकूंना वायरींचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हंजी आता माझी सवलत माझ्या लेकाला मिळंल ना?" त्यासाठीच तर त्या भर उन्हात, दम लागत असताना, इस्त्री घेऊन उभ्या राहायच्या.

आता माझ्या ॲपमधली दुपार सपाट असते. सुरुवातीला बरं वाटलं, मग ती सपाट रेघच बघवेना. म्हणून तीन वाजता मी ऑफिसातून काकूंना फोन लावते. त्या उचलतात, पण बोलत नाहीत, तोंडावर मास्क असतो. मशीन घुरघुरताना ऐकू येतं. तेवढं ऐकते आणि फोन ठेवते.