फय्याद शिंपी आणि दगडांची ओळ

फय्याद शिंपी होता. बाकी शिवणकाम पोटापुरतं, पण आमच्या लोकांत त्याची ओळख पांढऱ्या कपड्यांवरून होती. वल्हांडणाचे, म्हणजे मिसरातून सुटकेच्या आमच्या सणाचे, झगे तोच शिवायचा आणि कफनंही तोच. "वहिनी, कफनवालं गिऱ्हाईक बरं," असं मला म्हणायचा. "बाही आखूड झाली म्हणून परत येत नाही." आणि स्वतःच हसायचा. मला त्याच्या या विनोदाची चीड यायची, कारण हसून झाल्यावर त्याचा चेहरा फार लवकर उतरायचा.

आमचं गाव शखेम. बाजारात सगळे नाबलुस म्हणतात, आम्हीही म्हणतो, पण प्रार्थनेत शखेमच. अब्राहाम या देशात आला तो आधी इथे टेकला. याकोबाने इथे शेत घेतलं. योसेफाची हाडं मिसरातून वाळवंट तुडवत आणली ती इथल्याच मातीत ठेवली. गावाच्या एका अंगाला गरिज्जीम, आशीर्वादाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला एबाल, शापाचा. मध्ये आम्ही, पीठ मळत आणि भांडत. आमचे यहुदी भाऊबंद म्हणतात देवाची जागा यरुशलेम. म्हणोत बापडे. मोशेच्या पाच पुस्तकांत यरुशलेमचं नाव कुणी दाखवलं तर मी हातातली बांगडी काढून देईन. हे भांडण हजारो वर्षं चाललंय आणि त्यात आम्ही शोमरोनी उरलो साडेतीनशे. देवाचा डोंगर मात्र आमच्याकडे आहे.

एवढ्याशा जमातीत मुली कुठून आणायच्या? म्हणून आमच्यात साटंलोटं. तू बहीण दे, मी बहीण देतो. फय्यादची आई लवकर गेली. धाकट्या बद्रियाला त्यानेच न्हाऊ-माखू घातलं, वेण्या घातल्या, आणि वयात आल्यावर याफाच्या एका घरात दिली. बदल्यात त्या घरची मुलगी फय्यादला यायची होती. मुलगी लहान होती. दोन-तीन वर्षं थांबा, म्हणाले. तेवढ्यात लढाई झाली, मध्ये सरहद्द पडली, याफा यहुद्यांच्या नव्या राज्यात गेलं आणि आम्ही जॉर्डनच्या राजाकडे राहिलो. ती मुलगी तिकडेच कुणाला तरी दिली. फय्यादकडे देण्यासारखी दुसरी बहीण नव्हती, म्हणून त्याला बायकोही मिळाली नाही. बद्रिया गेली आणि तिच्या बदल्यात काहीच आलं नाही. याबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

तिकडच्या लोकांना वर्षातून एकदाच, वल्हांडणाला, इकडे डोंगरावर यायची परवानगी मिळे. लॉऱ्या यायच्या, पोलीस मोजून माणसं सोडायचे आणि सणानंतर मोजून परत न्यायचे. भाऊ-बहिणीची भेट तेवढीच. रात्री एकाच पानात ते मांस आणि कडू भाजी खायचे, आणि सकाळी तिच्या डोक्यावर हात ठेवून तो तिला लॉरीत चढवायचा.

आता मढ्याची गोष्ट. मेलेल्याला हात लावला की माणूस सात दिवस अशुद्ध. वेगळं बसायचं, वेगळं खायचं, कुणाला शिवायचं नाही. पुरोहित तर जवळही येत नाहीत. घरात तान्ही पोरं असलेल्याला जमत नाही. मग उरतो कोण? सडाफटिंग फय्याद. बोलावणं आलं की तो कात्री ठेवायचा, प्रेताला अंघोळ घालायचा, स्वतः शिवलेल्या कफनात गुंडाळायचा आणि सात दिवस बाजूला बसायचा. कुणी आभार मानत नसे.

मी सांगतेय ते वर्ष असं की बद्रियाला लग्नानंतर किती तरी वर्षांनी मुलगा झाला होता, याफेत नावाचा. निरोप आला: वल्हांडणाला आणतेय, दादाच्या मांडीवर ठेवायला. फय्यादने हिवाळाभर एक इवलासा पांढरा झगा शिवला. मी बघितला आणि म्हटलं, "अरे, यात दोन पोरं मावतील!"

"शिंप्याचा भाचा आहे तो, वहिनी. वाढत्या अंगाचं शिवायचं असतं. पुढल्या वर्षी बरोबर बसेल."

सणासाठी आम्ही सगळे डोंगरावर तंबूत राहायला गेलो होतो. सणाच्या दिवशी सकाळी आंधळे हुस्नीकाका आपल्या तंबूत मेलेले सापडले. ना मूल ना बाळ. सूर्य मावळायच्या आत त्यांना खाली नेऊन पुरणं भाग होतं, कारण पवित्र डोंगरावर सणाच्या संध्याकाळी मढं ठेवता येत नाही. आणि जो हात लावेल त्याचा वल्हांडण गेला. सगळ्या तंबूंत एकदम कामं निघाली. माझ्याच नवऱ्याची कंबर नेमकी तेव्हा धरली.

"सकाळी मेंढा उचललास तेव्हा बरी होती," मी म्हटलं.

"तेव्हाच तर लचकली!" जमील म्हणाला.

फय्याद खड्ड्यात भट्टीची लाकडं रचत होता. त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मी त्याच्यापाशी गेले. "तू नाही जायचं. आज बद्रिया येतेय. पोर येतंय. शहरातून कुणा मुसलमान माणसाला बोलावू."

"तो येईपर्यंत दिवस कलेल," तो म्हणाला. "आणि काकांनी मला लहानपणी खांद्यावर घेऊन हा डोंगर चढवलाय, वहिनी. त्यांना मी परक्या हातात देऊ?" मग झगा माझ्या हातात ठेवून म्हणाला, "हा आत्ताच घ्या. नंतर मला देता येणार नाही."

दुपारी लॉऱ्या आल्या. काकांना खाली पुरून आलेला फय्याद दगडांच्या ओळीपलीकडे, ओकाच्या झाडाखाली बसला होता. अशुद्ध माणसांची जागा ती. बद्रिया पोराला घेऊन धावत आली आणि ओळीपाशी थबकली. काय झालं ते तिला कुणी सांगायची गरज पडली नाही.

"आजच, दादा?"

"आजच. उंच धर त्याला. हं, तोंड इकडे कर. नाक आपल्या बापाचं आहे गं!"

संध्याकाळी बळी झाले, पोरांच्या कपाळावर रक्ताचा टिळा लागला. याफेतलाही लागला. झगा त्याच्या पायांखाली हातभर लोंबत होता. आम्ही जेवलो. फय्याद अंधारात दगडापलीकडे बसून होता.

त्या वर्षी परवाना एका रात्रीचा होता. सकाळी लॉरीचा भोंगा वाजला तशी बद्रिया पोराला घेऊन थेट ओळीपाशी गेली. "घे. एकदा घे. तुला शिवलं तर संध्याकाळपर्यंतचाच तर विटाळ! तिकडे जाऊन अंघोळ घालीन त्याला. कोण विचारतंय?"

फय्याद उठला आणि मागे सरकला. हात पाठीमागे बांधले. "सणाच्या दिवशी, या डोंगरावर, माझ्यामुळे पोराला विटाळ? नाही, बद्रिया. एका वर्षाचा तर प्रश्न आहे. पुढल्या वर्षी मांडीवरून उतरवणार नाही."

मला त्याचा असा राग आला! धर्म मलाही कळतो. पण माणसाने इतकं सरळ असू नये.

जो मढ्यामुळे अशुद्ध झाला त्याला मोशेने सवलत दिली आहे: महिन्याने दुसरा वल्हांडण कर. फय्यादने तो केला. एकट्याने. देवाने त्याला दुसरा महिना दिला, पण नाक्यावरच्या शिपायांकडे बद्रियासाठी दुसरा महिना नव्हता.

वर्ष गेलं. त्या वर्षी सणाच्या तोंडावर कुणी मेलं नाही, आणि फय्याद सकाळपासून नव्या झग्यात नवरदेवासारखा मिरवत होता. मांडीवर अंथरायला त्याने घोंगडी झटकून ठेवली होती. "वहिनी, आता चालत असेल ना हो? दात आले असतील?"

दिवस कलला तेव्हा लॉरी आली. तिच्यातून सगळ्यांत शेवटी बद्रिया उतरली, एकटी. ती आमच्याकडे आली नाही. सरळ चालत गेली आणि दगडांची ओळ ओलांडून ओकाखाली उभी राहिली.

फय्याद ओळीपर्यंत धावला. "तू तिकडे का? याफेत कुठंय?"

"ताप आला होता," ती म्हणाली. "तीन दिवस झाले."

आमच्या सगळ्यांच्या मढ्यांना ज्याने हात लावला होता त्याने मग एकच गोष्ट विचारली. "त्याला अंघोळ कुणी घातली?"

"मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तू मला घालायचास तशी. पाणी आधी मनगटावर बघून. झगा घातला त्याला. बरोबर बसला, दादा."

इकडे मेंढरं रांगेत उभी केली होती. पांढऱ्या कपड्यांतली सगळी माणसं पश्चिमेकडे डोळे लावून थांबली होती. पुरोहिताने वाचायला सुरुवात केली. फय्यादने पाय उचलला तसा जमील ओरडला, "अरे, थांब! सूर्य बुडतोच आहे. उद्या बस तिच्यापाशी हवं तितकं. सण घालवू नकोस!"

बद्रियाही मागे सरकली. "नको, दादा. मी अशुद्ध आहे. मला शिवलास की आजची रात्र तूही. तुझा सण जाईल."

"मागल्या वर्षी नियम सांभाळला," फय्याद म्हणाला. "काय मिळालं मला?"

त्याने ओळ ओलांडली आणि तिला जवळ घेतलं. तिने तोंड त्याच्या नव्या झग्यात खुपसलं आणि मग ती रडली. इकडे सुऱ्या फिरल्या, लोकांनी आनंदाने आरोळी दिली. डोंगरावर अंधार पडला. त्या रात्री माझ्या पानातलं मांस तसंच राहिलं.