देवधर सरांचा एक शब्द

इंग्लंडहून देवधर सरांच्या अनघाचा फोन आला तेव्हा मी कोपर स्टेशनबाहेर भाजी घेत होतो. "काका, बाबा गेले..." एवढंच म्हणाली. हातातली मेथीची जुडी परत ठेवून मी शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. तेव्हा मनात पहिल्यांदा जे आलं त्याची अजून लाज वाटते. सर गेले याचं दुःख नंतर झालं. आधी वाटलं, त्यांचं ते सांगायचं राहूनच गेलं, आणि ते माझ्यामुळे.

देवधर सर डोंबिवलीच्या आमच्या शाळेत इतिहास शिकवायचे, मी मराठी. सव्वीस वर्षं स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी. सर तोंडाचे फटकळ. मनात काही नाही हो त्यांच्या, असं आम्ही सगळेच म्हणायचो. इंग्रजांचा धडा आला की त्यांना चेव चढे. पुस्तकात 'इंग्रज' छापलेलं असे, सर वाचताना म्हणत 'लालतोंडे'. लालतोंडे आले, लालतोंड्यांनी वखार घातली, लालतोंड्यांनी कर बसवला... वर्ग खदखदून हसायचा आणि भिंतीपलीकडे शिकवताना मीही हसायचो. एकदा नव्या बाईंनी विचारलं, "सर, मुलांसमोर असं बरं दिसतं का?" त्यावर सरांच्या आधी मीच बोललो, "अहो बाई, दीडशे वर्षं राज्य केलं त्यांनी. आपल्या एका शब्दानं त्यांच्या अंगाला भोकं पडणार आहेत का?"

हे मी बोललो. गावच्या शाळेत ज्याच्या ओंजळीत पाणी वरून ओतत आणि ज्याला नावाऐवजी जातीनं हाक मारत, तो मी. भोकं पडतात की नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं.

पुढे अनघानं तिकडच्याच एका मुलाशी लग्न केलं. सर थोडे दिवस घुमे राहिले, मग नात झाली आणि पार विरघळले. लिली सहा वर्षांची असताना मे महिन्यात आजोळी राहायला आली. मोडकंतोडकं मराठी तोंडभर बोलायची. आमच्या उन्हानं तिचे गाल टोमॅटोसारखे झालेले. मानपाडा रोडवरच्या सरांच्या बिल्डिंगखाली पोरं खेळताना ओरडायची, "ए लालतोंडी, राज्य तुझ्यावर!" त्यातल्या दोघातिघांचे बाप सरांचेच विद्यार्थी. शब्द कुठून आला ते शोधायला लांब जायला नको होतं.

त्या दिवशी मी सरांकडे चहाला गेलेलो. लिली स्वयंपाकघरातून बाहेर आली ती दोन्ही गालांना गाळणीतली ओली चहापूड फासून. हनुवटीवरून तपकिरी पाणी फ्रॉकवर गळत होतं. "आजोबा, आता मी खाली जाऊ?" वहिनी हसल्या, मग एकदम थांबल्या. सरांनी तिला जवळ ओढून पंच्यानं तोंड पुसायला घेतलं, तर ती हात धरून म्हणाली, "नको ना, रंग जाईल." सरांनी पंचा तसाच खाली ठेवला.

त्यानंतर तो शब्द सरांच्या तोंडून कधी ऐकला नाही. मात्र चहा झाला की स्वतः उठून गाळणी विसळून ठेवायचे. वहिनी "राहू द्या हो" म्हणत, तरी उठायचेच. जाण्याच्या तीन आठवडे आधी त्यांनी मला बोलावून घेतलं. "कांबळे, दिवाळीत लिली येतेय. तेरा वर्षांची झाली. तो शब्द माझा होता, हे तिला सांगायचंय. तुम्ही मराठीचे, एक वाक्य करून द्या मला."

"सोडा हो, सर. एवढंसं पोर होतं ते. मुलं विसरतात."

सर हळूच म्हणाले, "तुम्ही विसरलात?" मी क्रिकेटचा विषय काढला.

माझ्यावर फेकलेल्या शब्दामागे अख्खं गाव उभं होतं. लिलीच्या मागे चार पोरं आणि एक खेळ. हे दोन्ही सारखं, असं कुणी म्हणालं तर मी आजही भांडेन. पण ते ओले गाल आठवले की माझं शहाणपण टिकत नाही. काय खरं ते मला अजून कळलेलं नाही. सरांना एक वाक्य हवं होतं आणि मी दिलं नाही, एवढं कळतं.

लिली आईबरोबर दिवसांना आली. उंच झालीय, सरांसारखी वाकून चालते. परवा भेटायला गेलो तर चहा तिनंच केला. मी धीर करून तिच्यामागे स्वयंपाकघरात गेलो. "लिली, ती चहापूड... खालची मुलं म्हणायची तो शब्द तुझ्या आजोबांचा होता. वर्गात म्हणायचे ते. मी हसायचो. त्यांना तुला सांगायचं होतं गं."

"मला माहितीये," ती म्हणाली. "मुलांनी तेव्हाच सांगितलेलं, तुझ्याच आजोबांनी शिकवलंय म्हणून."

"मग तू कधी विचारलं नाहीस त्यांना?"

"त्यांना वाईट वाटलं असतं ना," असं म्हणून तिनं गाळणी नळाखाली धरली.