पोत्यातली लक्ष्मी

शिवाजी पेठेतल्या आमच्या मंडळाला फुटबॉलचा हंगाम संपला की समाजकार्य आठवतं. गेल्या वर्षी त्यांनी ई-कचरा गोळा करायचं काढलं. मंडप पडला, हलगी वाजली, नारळ फुटला, आणि एका बंद टीव्हीला हार घालून अध्यक्षांनी पर्यावरणावर भाषण ठोकलं. आम्हीही जुना कॉम्प्युटर आणि डबाभर मोबाईल नेऊन दिले. घरातली अडगळ गेली, वर पृथ्वीही वाचली. इतक्या स्वस्तात पुण्य कोल्हापुरात दुसरीकडं मिळत नाही.

तो ढीग पुढं कुठं जातो हे कुणी विचारलं नाही. मला मात्र न विचारताच कळलं, कारण त्यातला बराचसा भंगारवाल्यामार्फत माझ्या थोरल्या बहिणीच्या घरामागच्या परड्यात जात होता.

अक्का हुपरीला दिलेली. तिथं घरोघरी चांदीची पैंजणं होतात, तशी तिच्याही घरी. बारीक कड्या एकीत एक अडकवायचं काम तिचं, आणि तिच्या हातची साखळी व्यापारी डोळे झाकून घेत. पण चांदी महागली, कामं घटली, तेव्हा दाजींनी मोबाईलचे आणि कॉम्प्युटरचे बोर्ड विकत आणायला सुरुवात केली. त्यात सोन्याचा अंश असतो. चांदी गाळायची भट्टी घरात, तेजाब घरात, मग शिकायचं राहिलं काय, असं दाजींचं म्हणणं. परड्यात बोर्ड जाळायचे, तेजाबात बुडवायचे, धूर शेजाऱ्यांना आणि उरलेलं पाणी गटारीला. दारात नवी गाडी आली, तशी गावात दाजींची पत वाढली. गाडी बघून शेजाऱ्यांनीही हाच धंदा धरला, आणि गल्लीत गाड्या एकदोघांकडं आल्या तरी खोकला सगळ्यांच्या वाट्याला आला.

इथवर कुठंही होतं तसंच झालं. पण हुपरीच्या कामाची एक रीत आहे. चांदीच्या खोलीतला केर बाहेर टाकत नाहीत. त्यात चांदीचे कण असतात, म्हणून तो केर म्हणजे लक्ष्मी. तो झाडून जपून ठेवायचा, आणि झारेकरी आला की तो धुऊन त्यातली चांदी काढतो. दाजींनी हीच रीत बोर्डांच्या राखेला लावली. शिसं, कथिल आणि देव जाणे काय काय असलेली ती काळी राख पोत्यात भरून त्यांनी कामाच्या खोलीतच, देवीच्या फोटोखाली ठेवली. शुक्रवारी तिला हळदकुंकू. सांडलेली राख अक्का हातानं गोळा करायची आणि त्याच हातानं भाकरी थापायची.

दिवाळीत मी गेले तेव्हा तिच्या बोटांतून कड्या सुटत होत्या. मनगट वर उचलत नव्हतं. व्यापाऱ्यानं काम द्यायचं थांबवलं होतं. मी दाजींना म्हणाले, ती राख आधी घराबाहेर काढा. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी देव्हारा फेकायला सांगितला होता.

"लक्ष्मी भाईर टाकतंय व्हय कोण? हाताला तेल लाव म्हणावं तिला."

यंदा मंडळाची मोहीम पुन्हा लागली. दाजी परगावी गेल्याचं साधून अक्का एक पोतं घेऊन हुपरीच्या बसनं आली आणि थेट मंडपात उभी राहिली. कार्यकर्त्यांनी आत डोकावून सांगितलं की राख ई-कचऱ्यात बसत नाही, चार्जर-वायर असेल तर द्या.

"तुमचंच हाय की," अक्का म्हणाली. "परत द्याय आलोय."

अध्यक्षांना काही उमगलं नाही, पण फोटोग्राफर समोर होता, म्हणून त्यांनी पोत्याला हात लावून फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला, खाली 'महिलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद'. फोटोनंतर पोतं मंडपाबाहेर काढून ठेवलं होतं. अक्का संध्याकाळच्या बसनं परत गेली, आणि पोतं मी माझ्या गॅलरीत आणून ठेवलं.

पेपर हुपरीतही जातो. दाजींचा फोन आला. अक्काच्या हाताचं नाव नाही, पोतं कुणी उघडलं नाही ना, एवढंच पुन्हा पुन्हा. माझं डोकंच फिरलं. मी सांगितलं, अक्काला इथल्या दवाखान्यात घेऊन या, मग पोतं मिळेल. इतके महिने ज्यांना बायकोला डॉक्टरकडं न्यायला सवड नव्हती, ते दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला गाडीत घालून माझ्या दारात हजर. पोतं आधी ताब्यात घेतलं, मगच दवाखान्याकडं निघाले. तिथंही दाजी पोतं गाडीत ठेवायला तयार नव्हते. काच फोडून नेतील म्हणाले.

डॉक्टरांनी मनगट वाकवून पाहिलं, रक्त तपासायला घेतलं, अंगात शिसं गेल्याची शंका सांगितली. हा उद्योग घरात असाच चालू राहिला तर हाताची आशा सोडा, असं स्पष्टच बजावलं. हे दाजींनाही ऐकवावं म्हणून मी त्यांना बोलवायला बाहेर गेले. ते पोतं मांडीवर घेऊन बाकावर बसले होते.

"हे हितं टाकून कसा येऊ?" ते म्हणाले. "तुमीच ऐका की काय म्हणत्यात ते."

मी एकटीच आत आले. मिस्टर कुठं आहेत, डॉक्टरांनी विचारलं. अक्कानं लुळा हात पदराखाली घेतला.

"लक्ष्मीपाशी बसल्यात," ती म्हणाली.