कालव्याकाठच्या घरातला पाळणा

ॲमस्टरडॅममध्ये कालव्याकाठी एका जुन्या व्यापाऱ्याच्या घराचं आता संग्रहालय केलंय. जिना शिडीसारखा उभा, म्हणून दिवस भरत आलेली आमची लेक खालीच बाकावर बसली आणि मी नि बायको वर गेलो. निजायच्या खोलीत लाकडी पाळणा होता. तो कसा डुलतो हे दाखवायला तिथल्या हसऱ्या बाईंनी त्याला हलकेच झोका दिला.

"अहो, नको!" बायको मराठीतच ओरडली आणि पाळण्यापुढे अडवायला बांधलेला दोर ओलांडून तिने पाळणा घट्ट धरला. रिकामा पाळणा हलवायचा नाही, असं तिच्या आईने तिला लहानपणी दटावलेलं.

बाई गोंधळल्या. मी माफी मागितली. असलं काही मी मानत नाही. पण मग ती खोलीच नकोशी झाली. नीट घातलेली गादी, उशाशी मेणबत्ती, भिंतीवर या घरातल्या मुलांची चित्रं. सगळं जागच्या जागी, फक्त माणूस नाही. घर जपायचं म्हणजे असं जपायचं? आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायला हा पाळणा दिवसभर हलत असणार, या विचाराने मी घाईघाईने जिना उतरलो. पाळण्याची कुरकुर कानातून जाईना.

"काय होतं वर?" लेकीने विचारलं.

"काही नाही," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

तिने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मी, काही न मानणारा माणूस, तिची नजर चुकवून कालव्याच्या पाण्याकडे बघत राहिलो.