सिसिलीचे जाणकार

साउथहॅम्प्टनच्या मराठी मंडळात कुणाला सिसिलीला जायचं असलं, की तो डॉ. अंबरीश सबनीसांना गाठायचा. पालेर्मोहून ट्रेन कुठून सुटते, कुठलं पुरातन देऊळ सकाळीच उरकावं, सगळं त्यांना तोंडपाठ. स्वतः मात्र ते कधी गेले नव्हते. आधी मुलाची, समरची, ए-लेव्हलची परीक्षा आली, मग गुडघ्याचं ऑपरेशन, मग कोव्हिड. "रिटायर झालो की दोघं निवांत जाऊ," असं ते बायकोला, सुप्रभाला, सांगत आले. रिटायर झाले, तरी गृहस्थ नकाशेच बघत बसलेले! ती आपली वाट बघतेय, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

त्या रविवारी परीक्षित आणि ईरा हे हॉस्पिटलात नवीनच नोकरीला लागलेलं जोडपं जेवायला आलं होतं. दोघं पुढच्या आठवड्यात सिसिलीला निघणार होते. डॉक्टरांना तर चेवच चढला.

"अग्रिजेंतोला उतरलात की बस पकडायची. ड्रायव्हरकडे तिकीट घ्यायचं, की डायरेक्ट देवळांपाशी!"

"ड्रायव्हरच्या भरवशावर नका राहू हं," पोळी वाढता वाढता सुप्रभा म्हणाली. "सिगरेटच्या दुकानात आधीच तिकिटं घेऊन ठेवा. मला खाली उतरवलं होतं."

डॉक्टर हसले. "तुला? कधी?"

"मे महिन्यात. वेम्बलीला आठवडाभर भाचीकडे, मीनलच्या डोहाळजेवणाला गेले होते ना? ते तर एका दुपारीच आटपलं. दुसऱ्या दिवशी स्टॅनस्टेडहून फ्लाइट घेतली."

"कुणाबरोबर?"

"एकटीच."

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. आधी वाटलं, ही थट्टा करतेय. पण सुप्रभा थट्टा करत नव्हती, शांतपणे ईराला भाजी वाढत होती. वॉटर्लू स्टेशनवर प्लॅटफॉर्म सापडत नाही तिला, असं ते चारचौघांत सांगून हशा मिळवायचे. ती बाई परक्या बेटावर एकटी बसने फिरून आली होती, आणि त्यांना पत्ता नव्हता! त्यांना संताप आला, पाहुण्यांसमोर लाजही वाटली.

पाहुणे गेल्यावर ते किचनच्या दारात उभे राहिले.

"आपण दोघं जाणार होतो, सुप्रभा. निदान सांगायचंस तरी."

"सांगणारच होते." तिने नळ बंद केला. "तुमचा फोन आला, तेव्हा मी देवळासमोर झाडाखाली बसले होते. इतकं छान वाटत होतं, म्हटलं, आता सांगूनच टाकावं, यांनाही बोलावून घ्यावं. पण तुम्हाला कुकरची शिट्टी सापडत नव्हती."

डॉक्टरांना तो फोन लख्ख आठवला. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. "वेम्बलीत वारा सुटलाय वाटतं," असं ते म्हणालेही होते. मग शिट्टी सापडली, आणि त्यांनी फोन ठेवून दिला होता.