खड्डेबाई आणि माझा ठराव

खड्डेबाईंशी वाद घालायला गेलेला माणूस पहिली दहा मिनिटं स्वतःचंच म्हणणं ऐकत बसायचा. बाई आधी त्याची बाजू मांडायच्या, आणि ती त्याला स्वतःला कधी जमली नसती इतकी नीट. त्याने दोन कारणं आणली असतील तर त्या तिसरं काढून द्यायच्या. "हे राहिलं होतं तुझं, घे," म्हणायच्या. मग पदराने चष्मा पुसून, "आता हे चूक का आहे ते बघू," अशी सुरुवात. समोरचा तोवर निम्मा खूश झालेला असायचा, त्यामुळे हरतानाही त्याला फारसं लागायचं नाही.

हे नाव त्यांना एका भाषणामुळे पडलं. त्या मुलुंडच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायच्या, घाटकोपरला एकट्या राहायच्या आणि दर रविवारी सकाळी आमच्या छोट्या समाजवादी पक्षाच्या शाखेत यायच्या. शाखा म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक खोली. खाली दळण सुरू झालं की वर टेबलावरचे कप थरथरायचे. मंदीत सरकारने काय करावं हे समजावताना बाई एकदा म्हणाल्या, "दुसरं काही सुचत नसेल तर लोकांना खड्डे खणायला लावा आणि मग तेच बुजवायला लावा. पण मजुरी द्या. मजुरी हातात आली की माणूस तांदूळ घेतो, तांदूळवाला शर्ट शिवतो, शिंप्याचं पोर शाळेत जातं." ही कल्पना त्यांची नव्हे, विलायतेतल्या एका जुन्या अर्थपंडिताची. पण मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, खणायचं काम महापालिका करतेच आहे, बुजवायचं तेवढं बघा ना!" सगळी खोली हसली. बाई सगळ्यांत जास्त हसल्या. तेव्हापासून त्या खड्डेबाई.

मी शाखेत आले तेव्हा पंचवीस वर्षांची होते. एम.ए. करून अंधेरीच्या एका खासगी कंपनीत लागले होते. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. गिरण्यांचा संप विरून गेला होता, आणि आमच्याकडचे कारखानेही एकेक करून बंद पडत होते. विलायतेत नि अमेरिकेत सरकारं हात आखडता घेत होती, दिल्लीतही परवाने सैल करायची भाषा सुरू झाली होती. पक्षातल्या आम्हा तरुणांना ही नवी हवा आवडायला लागली होती. रॉकेलच्या रांगेत आणि फोनच्या प्रतीक्षायादीत वाढलेलो आम्ही. सरकारने आणखी काही करावं, हे आम्हाला ऐकवत नसे. "बाजाराला काम करू दे ना यार," हे आमचं पालुपद.

बाई त्यावर चिडत नसत. "फोनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं हे लाजिरवाणंच आहे," म्हणायच्या. "पण सरकार वाईट चालतं म्हणून ते बंद करायचं, हे कसलं औषध गं? भाजी करपली म्हणून तू शेगडी विकतेस का?"

वादाला खरं तोंड फुटलं ते शाखेजवळच्या टेकडीवरच्या वस्तीमुळे. आमच्या पक्षाचे त्या भागात एकच नगरसेवक होते. त्यांनी खटपट करून वस्तीसाठी एक संरक्षक भिंत मंजूर करून घेतली होती, पुढच्या वर्षी पायऱ्याही होणार होत्या. प्रश्न होता, काम कुणी करायचं? बाईंचं म्हणणं, बंद कारखान्यांतल्या माणसांची मजूर सहकारी संस्था काढा आणि काम तिला द्या. "खेड्यातल्या माणसाला रोजगार हमी आहे. शहरातल्याला काय भूक लागत नाही?" माझं म्हणणं, खुली निविदा काढा, जो स्वस्तात नि चांगलं करील त्याला द्या. संस्था काढली की तिच्यात पुढाऱ्यांचे भाचे शिरतात, आणि भिंत राहते कागदावर. नगरसेवक शहाणे होते. म्हणाले, "शाखा सांगेल तसं करतो. ठराव आणा."

दोन ठराव आले, एक बाईंचा, एक माझा. सभेच्या आदल्या दिवशी दुपारी बाईंनी मला घरी बोलावलं आणि माझं भाषण वाचायला मागितलं. वाचून म्हणाल्या, "तिसरा मुद्दा लंगडा आहे. भाचे शिरतात म्हणतेस, पण उदाहरण कुठाय?"

"शोधते आहे."

"शोधू नकोस. पूर्वी विक्रोळीला अशी एक संस्था निघाली होती. तिच्या चिटणिसाने ती खाऊन टाकली. मजुरांना काही मिळालं नाही. ती संस्था मी काढली होती."

मी म्हणाले, "बाई, हे मी बोलले तर तुम्ही हराल."

"खरं आहे की नाही? मग बोल. ते लपवून मी जिंकले, तर उद्या या संस्थेचंही तेच होईल."

मी बोलले, आणि चार मतांनी जिंकले. बाईंनी टाळ्या वाजवल्या. शाखेच्या चिटणिसाचं अक्षर वाचता येत नसे, म्हणून माझा ठराव वहीत त्यांनीच उतरवून घेतला, शुद्धलेखनासकट.

इथे माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. बाबा मूळचे मालवणकडचे, कांजूरमार्गच्या एका कारखान्यात फिटर. तो कारखाना बंद होऊन वर्ष होत आलं होतं. रोज सकाळी डबा घेऊन ते भांडुपला काम शोधायला म्हणून बाहेर पडत आणि दुपारी परत येत. माझ्या पगारावर घर चालत होतं. माझ्या ठरावाचा आणि बाबांचा काही संबंध आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. डोक्यात अर्थशास्त्र होतं.

भिंतीचं काम झपाट्याने सुरू झालं. एका रविवारी बाई दारात उभ्या. "चल, आपला ठराव बघून येऊ."

"आपला?"

"शाखेने घेतला की तो आपला."

आम्ही टेकडी चढलो. बाईंना दम लागत होता, पण मध्ये थांबायला तयार नव्हत्या. भिंत जवळजवळ पुरी झाली होती. बाईंनी ती हाताने थोपटली, दगडांच्या सांध्यांत बोट घालून बघितलं. "चांगली झालीय. तू म्हणाली होतीस तसंच झालं," त्या म्हणाल्या, आणि अगदी मनापासून म्हणाल्या. मग त्यांनी मला वस्तीतल्या किराणा दुकानापाशी नेलं. निम्म्या फळ्या रिकाम्या होत्या. कंत्राटदाराने बाहेरून माणसं आणली होती. ती मिळेल त्या मजुरीत काम करत आणि आठवड्याचे पैसे घेऊन निघून जात, या दुकानात त्यातलं काहीच येत नसे. वस्तीतले पुरुष शेजारच्या ओट्यावर बसून दुसऱ्यांनी बांधलेली आपली भिंत बघत होते.

त्यांच्यात बाबा होते.

मांडीवर तो डबा. मुकादम जवळून गेला तसे ते उठले आणि काहीतरी बोलले. मुकादम हसून म्हणाला, "काका, एवढ्याशा मजुरीत तुम्हाला नाही परवडणार. घरी जा." बाबा वळले आणि त्यांना मी दिसले. त्यांनी नजर खाली घातली. मीही. बाई पाठ फिरवून दुकानदाराशी साबणाच्या भावाबद्दल बोलायला लागल्या, चांगल्या मोठ्या आवाजात.

आम्ही टेकडी उतरलो. खाली आल्यावर मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"ते इथे येऊन बसतात हे वस्तीतल्या बायकांनी सांगितलं होतं. आज रविवार, आज नसतील असं वाटलं. मला तुला दुकान दाखवायचं होतं."

"आणि बाबांचा कारखाना बंद पडलाय, हे तर तुम्हाला आधीपासूनच ठाऊक होतं. मग सभेत का नाही बोललात? एका वाक्यात जिंकला असता."

बाई पदराने चष्मा पुसायला लागल्या. "बाप मध्ये आणला की मुलीला तोंड उघडता येत नाही. मला तुझा मुद्दा हरवायचा होता, शैला. तुला नाही."

त्या एका वाक्यासाठी मी आजही त्यांची ऋणी आहे. माझ्या हातात तसं हत्यार असतं तर मी ते वापरलं असतं, हे मला तिथेच रस्त्यावर कळलं.

पायऱ्यांच्या वेळी मी नवा ठराव लिहिला. काम वस्तीतल्या आणि बंद कारखान्यांतल्या माणसांच्या संस्थेला द्यायचं, पण तिचे सगळे व्यवहार दर पंधरवड्याला वस्तीसमोर मोठ्याने वाचून दाखवायचे आणि काम वेळेत झालं नाही तर ते काढून घ्यायचं. बाईंनी तो दोनदा वाचला. "वाचून दाखवायची अट मला तेव्हा सुचली असती तर विक्रोळीची माणसं वाचली असती," असं म्हणून त्यांनी खाली अनुमोदक म्हणून सही केली. पायऱ्या भिंतीपेक्षा महाग पडल्या, महिनाभर उशिराही झाल्या. हेही बाईंनी शाखेच्या वहीत लिहायला लावलं.

बाबा पहिल्या दिवशी कामावर निघाले तेव्हा आई रडायला लागली. फिटर माणसाने घमेलं उचलायचं? बाबा चपला घालता घालता म्हणाले, "घमेला उचलूक कसली लाज? बसान ऱ्हवाक लाज वाटता." संध्याकाळी ते हाताला फोड घेऊन आले आणि कारखाना बंद पडल्यापासून पहिल्यांदा स्वतःहून दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

पक्ष पुढे नव्या हवेच्याच दिशेने गेला. वरचे पुढारी उद्योगपतींच्या सभांना दिसायला लागले, बाईंचे ठराव एकेक करून पडायला लागले. आम्ही काहीजण वैतागून म्हणालो, सोडूया. बाई म्हणाल्या, "पक्ष म्हणजे काय दुकान आहे, माल आवडला नाही की समोरच्याकडे जायला? मी हरते आहे, पण खोलीत तर आहे ना!" पुढच्या रविवारी त्या नेहमीसारख्या वेळेआधी हजर.

निवृत्त झाल्यावर त्या चिपळूणला बहिणीकडे राहायला गेल्या. सामान न्यायला टेम्पो आला त्या सकाळी बाबा माझ्याबरोबर आले. बाईंशी ते आयुष्यात चार वाक्यंही बोलले नसतील. त्यांनी बाईंच्या जुन्या ट्रंकेची निखळलेली कडी ठोकून बसवली, दोर आवळले, आणि मग विचारलं, "बाई, थयसर वाद कोणाशी घालतल्यात?"

"बहीण आहे ना. दिवसभर देवदेव करते. बरंच काम आहे," बाई म्हणाल्या.

मी आभाराचं काहीतरी पाठ करून गेले होते. त्यांनी हातानेच थांबवलं. "ते राहू दे. परवाचा तुझा लेख वाचला. चुकली आहेस. पत्र लिही, कुठे चुकलीस ते सांगते."

पुढे कितीतरी वर्षं आम्ही पत्रांतून भांडलो. मी नोकरी सोडून शिकवायला लागले, तेही त्या पत्रांतल्या एका भांडणामुळे. शेवटी त्यांना लिहिणं जमेना. एक पत्र बहिणीच्या अक्षरात आलं. बाईंनी सांगून लिहवलं होतं, परवान्यांच्या बाबतीत तू बरोबर होतीस, मी चूक. ते वाचून मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. मी उत्तर लिहायला बसले, आणि त्यात पहिल्यांदाच वाद नव्हता. टेकडीवरचा तो रविवार, बाबा, पाठ फिरवून विचारलेला साबणाचा भाव, सगळं लिहिलं, आणि नुसते आभार मानले.

पुढच्याच महिन्यात बाई गेल्या. बहिणीने कळवलं, तुझं पत्र वेळेवर पोहोचलं, मी ते ताईला वाचून दाखवलं. ऐकून ती म्हणाली, "छान लिहिलंय, पण यात मुद्दा कुठाय?" मग तिने तेच पत्र पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.